बाजार बायकांचा, खातं कुणाचं?

तिरफळ
नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्याच्या अंगणात, तिसऱ्या शतकातला एक शिलालेख आहे. आभीर राजा ईश्वरसेनाच्या वेळचा. विष्णुदत्ता नावाच्या शक बाईने गोवर्धनातल्या (म्हणजे आत्ताच्या नाशिकलगतच्या) श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, पैसे ठेवले: कुलरिक म्हणजे बहुधा कुंभार, पाण्याची यंत्रं करणारे ओदयंत्रिक आणि तेल गाळणारे तिलपिषक. मुदलाला हात लावायचा नाही, व्याजातून आजारी भिक्षूंचं औषधपाणी करायचं. अक्षयनीवी म्हणत याला. एका ठिकाणी सगळा पैसा न ठेवता वेगवेगळ्या धंद्यांत विभागून ठेवलाय, हे मला फार आवडलं.

लेखात ती स्वतःची ओळख करून देते ती अमक्याची मुलगी, अमक्याची बायको, अमक्याची आई अशी. पण पैसा ठेवणारी ती. त्याच लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेखही आहे: 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे, त्यातले 2000 दरमहा शेकडा 1 ने आणि 1000 शेकडा पाऊणने. उषवदाताचा लेख शाळेच्या पुस्तकांपासून सगळीकडे भेटतो. विष्णुदत्ता कुणाला माहीत असते?

दुसरं उदाहरण होळकरांच्या खासगीचं. 1734 साली बाजीरावाने मल्हाररावांची पत्नी गौतमाबाई हिच्या नावाने स्वतंत्र उत्पन्न लावून दिलं. दौलत वेगळी, खासगी वेगळी. ही खासगी पुढे अहिल्याबाईंकडे आली, आणि देशभरातले घाट, धर्मशाळा, देवळं त्यांनी या पैशातून बांधली. आपण त्यांना पुण्यश्लोक म्हणतो ते ठीकच, पण स्वतःच्या उत्पन्नाचा हिशेब वेगळा ठेवणारी बाई म्हणून त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नाही.

राण्यांचं सोडा. मला हवंय ते रोजचं. कनवटीला नोट लावून बाजारात बसणाऱ्या, भिशी चालवणाऱ्या, अंडी विकून पोरांच्या वह्या घेणाऱ्या बायकांचं. तुमच्या घरातलं, गावातलं जे माहीत असेल ते लिहा.

डॉकयार्ड_लोकल
आमचा विषय निघाला म्हणायचा. कोळीवाड्यात समुद्र पुरुषांचा, बाजार बायकांचा. होडी बंदराला लागली की पुरुषाचं काम संपलं. पुढे ससून डॉकला पहाटेचा लिलाव, बर्फ, टेम्पो, मार्केटातली जागा, गिऱ्हाईक, उधारी हे सगळं आईकडे आणि आजीकडे. पुढच्या फेरीच्या डिझेलचे पैसेसुद्धा आजी मोजून द्यायची.

आजीला अक्षरओळख नव्हती. पण 1957 साली आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हाची तिची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. सरकारी कोष्टकात एक आण्याला 6 नवे पैसे, दोन आण्याला 12, पण तीन आण्याला 19. आजीने पहिल्याच आठवड्यात ओळखलं की आण्या-आण्याचे तीन वाटे सुटे विकले तर 18 येतात आणि तीन आण्याचा एक वाटा लावला तर 19. दुसऱ्या दिवशीपासून तिच्या फळीवर आण्याचा वाटाच नाही! जवळा घ्यायचा तर तीन आण्याचा घ्या, नाहीतर पुढे जा. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायची, "सरकारला विचार जा."

आणि भवानीच्या वेळी कोळणीशी घासाघीस करू नका हो. पहिलं गिऱ्हाईक परत गेलेलं कुठल्याच मावशीला खपत नाही. तुम्ही भाव पाडून मागायचा आणि मग ती बोलली की कोळणी भांडखोर म्हणायचं, हे बरं आहे.

लिंबूटिंबू
वाचतेय. 19 पैशांचा किस्सा भारी 😀

बेरकी_बगळा
धागा चांगला आहे, पण थोडं मीठ टाकतो. पैसा हाताळणं आणि पैसा असणं यात फरक आहे. तुमच्या आजींनी सगळा बाजार सांभाळला, कबूल. होडी कुणाच्या नावावर होती? घर? कर्ज काढायची वेळ आली तेव्हा सही कुणाची?

कायदा बघा. विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा मिळाला 1937 साली, तोही हयातीपुरता, विकायची पूर्ण मुभा नाही. ती मर्यादा गेली 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क महाराष्ट्राने दिला 1994 ला, देशभर मिळाला 2005 ला. म्हणजे अहिल्याबाईंच्या खासगीनंतर अडीचशे वर्षांनी. मधल्या काळात बायका बाजारात होत्याच की. राबायला कधीच कुणी अडवलं नव्हतं.

तिरफळ
बगळेभाऊ, मुद्दा मान्य. म्हणूनच शीर्षकात प्रश्नचिन्ह आहे. पण मालकीच्या कागदावरूनच इतिहास लिहायचा ठरवला तर निम्मी माणसं त्यात येतच नाहीत. म्हणून जे कागदावर नाही ते इथे लिहून काढू.

लष्कर_ग्वाल्हेर
आम्ही ग्वाल्हेरचे मराठी. बायजाबाई शिंद्यांचं नाव कसं नाही आलं अजून? माहेर कागलच्या घाटग्यांचं. नवरा, म्हणजे ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे, गेल्यावर 1827 ते 1833 कारभार त्यांच्याकडे. पण त्यांची खरी ओळख सावकारीची. उज्जैनला त्यांच्या स्वतःच्या पेढ्या होत्या आणि कंपनी सरकारनेही त्यांच्याकडून कर्ज घेतलं. दत्तक मुलाशी, जनकोजीरावांशी, बिनसलं आणि बाईंना ग्वाल्हेर सोडावं लागलं. मग काशीत ठेवलेल्या त्यांच्या पैशावरून वाद: दरबार म्हणे राज्याचा, बाई म्हणत माझा. ज्यांनी कर्ज घेतलं होतं तेच यात न्याय करायला बसले!

बगळे यांचा मुद्दा राणीलाही लागू पडतो तो असा. काशीला ज्ञानवापीचा सभामंडप बाईंनी 1828 साली बांधला, तो मात्र त्यांच्याच नावे राहिला. दानाला कुणी हरकत घेत नाही.

मिरची_कांडप
गिरणगावातल्या खाणावळींबद्दल लिहिते. माझी मावशी लालबागला खाणावळ चालवायची. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार दहा-बारा जण एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे, जेवण खाणावळीत. खाणावळ म्हणजे काय, तर तिचंच स्वयंपाकघर. पगार महिन्याने, त्यामुळे जेवणाचे पैसे महिन्याने. मधले तीस दिवस वाण्याची उधारी. वाण्याला माहीत की ही रोख देऊ शकत नाही, म्हणून तांदूळ तिला नेहमीच बाजारापेक्षा चढ्या भावाने. त्यातून कुणी गडी आजारी पडून गावाला गेला की त्याचे पैसे बुडाले. मग मंगळसूत्र गहाण. सुटलं की परत गहाण. मावशी म्हणायची, माझं मंगळसूत्र माझ्यापेक्षा मारवाड्याच्या गळ्यात जास्त राहिलं.

1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांसाठी. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, मुक्तिसंग्रामात पायाला गोळी लागलेल्या. बँका 1969 ला सरकारी झाल्या होत्या आणि गरिबांना कर्ज द्या असं वरून सांगणं होतं, पण पोळ्या लाटणारीला तारण काय मागणार? तेव्हा बायकांचे गट केले आणि एकीची हमी दुसरीने घेतली. आज बचत गट म्हणून जे दिसतं ते गिरणगावात तेव्हा चाललं होतं.

जानेवारी 1982 चा संप झाला आणि गिऱ्हाईकच गावाला गेलं. संपाचा इतिहास लिहिताना कामगार, मालक, युनियन सगळे येतात. ज्या बायांनी संपाच्या पहिल्या महिन्यांत उधारीवर जेवू घातलं त्यांची बाकी कोणत्या वहीत आहे? मावशीकडे एक लाल वही होती, तिच्यात गड्यांची नावं आणि पुढे रेघा. एक रेघ म्हणजे एक जेवण. त्यातले बरेच कधी परत आले नाहीत.

सिंधुदुर्ग_एक्सप्रेस
मिरचीताई, आमचे आजोबा अशाच एका खाणावळीत जेवायचे, करी रोडला. गावाला आले की त्या बाईंसाठी कोकमं आणि सुके बांगडे बांधून न्यायचे. आजी फुरंगटायची 😀

कोयता_बीड
बगळे यांना पुरावा देतो. आमच्याकडे ऊसतोडीला जोडपं जातं. त्या जोडप्याला म्हणतात 'एक कोयता'. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल मिळते ती अख्ख्या कोयत्याची, पण घेतो नवरा, अंगठा नवऱ्याचा. पैसे कशावर गेले ते बायकोला कळेलच असं नाही. फेडायला मात्र दोघं. बाई आजारी पडली, खाडा झाला, तर तो उचलीत जमा. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा दोघं.

निम्मं काम तिचं, आणि तिच्या नावाने मजुरी अशी काही चीजच नाही. माझ्या आईने अशी बरीच वर्षं काढली. तिची मजुरी किती होती असं कुणी विचारलं तर मला आकडा सांगता येणार नाही, कारण तो कधी काढलाच गेला नाही.

याच्या उलट रोजगार हमी. आई सांगते, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली तेव्हा हजेरीपटावर तिचं स्वतःचं नाव होतं आणि पैसे तिच्या हातात पडले. दर कामाचा, बाईचा वेगळा आणि गड्याचा वेगळा असा नाही. दुष्काळ वाईटच होता. पण स्वतःच्या नावाने पगार तिला मिळाला तो तेव्हाच. पुढे त्याचा कायदा झाला, 1979 च्या 26 जानेवारीपासून लागू. देशाला मनरेगा मिळाली त्याच्या कितीतरी आधी.

बेरकी_बगळा
कोयता, यावर काही बोलायला जागाच ठेवली नाहीत. हा प्रतिसाद जपून ठेवतो.

झुळूक
वातावरण फार जड झालं, म्हणून बोहारणीचं लिहू का? दुपारी दोनची वेळ, पुरुष कामावर, पोरं शाळेत. खालून हाक यायची. आईची जरीची जुनी साडी, बाबांच्या दोन पँटी, एक शर्ट. बोहारीण साडीची जर नखाने खरवडून बघणार, खरी की खोटी. मग स्टीलचं पातेलं पुढे ठेवणार. आई म्हणणार झाकण कुठाय. झाकणासाठी आणखी एक शर्ट. मग "ताई, कॉलर फाटलीय" आणि "अगं, बाकीचा नवा आहे." तासभर. शेवटी बाई टोपली उचलून जिन्यापर्यंत जायची आणि आई पातेल्याकडे न बघता भाजी निवडायला बसायची. जी आधी वळेल ती हरली.

संध्याकाळी बाबा विचारायचे, माझा निळा शर्ट कुठाय? आणि सगळ्यांचं लक्ष एकदम टीव्हीकडे.

नोटा नाहीत, पावती नाही, कर नाही. अर्ध्या मुंबईची भांडी अशी आली असतील.

आरडीवाली
माझा आयडी बघून कळलं असेल 😀 पोस्टाची महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना 1972 पासून आहे. घरोघर जाऊन आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करायचे, पोस्टात भरायचे, त्यावर 4 टक्के कमिशन. एजंट बाईच हवी असा नियम. शिकलेल्या पण नोकरी न करणाऱ्या कितीतरी जणींना या कामाने पाय दिले. दर महिन्याला घरात गेल्याने आम्हाला काय काय माहीत असतं! कुणाकडे नवऱ्याला न सांगता दुसरं खातं आहे, कुणाचा हप्ता तीन महिने का थांबला. पोटात ठेवायचं, बोलायचं नाही. धंद्याची पहिली अट ती.

पण धाग्याच्या शीर्षकाला उलटं उदाहरणही देते. निम्म्या एजन्सी बायकोच्या नावावर असतात आणि स्कूटर फिरवतात नवरे. नियमात बाई हवी म्हणून सही बाईची. म्हणजे खातं तिचं, बाजार त्याचा! सरपंचपतीसारखे आमच्यात एजंटपती.

डॉकयार्ड_लोकल
एजंटपती 😂😂

माणदेशी_मेंढरू
म्हसवडची गोष्ट इथे हवीच. चेतना सिन्हांनी तिथे बायकांची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. बायकांनी रात्रीचा अभ्यास करून लिहा-वाचायला शिकून घेतलं आणि परत गेल्या. साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या अधिकाऱ्यांनीही कॅल्क्युलेटर न घेता काढून दाखवावं. 1997 ला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

ज्याने आमच्याकडचा आठवडी बाजार बघितलाय त्याला यात नवल वाटणार नाही. सकाळी व्यापाऱ्याकडून शंभर रुपये उचलायचे, संध्याकाळी व्याजासकट परत द्यायचे, मधल्या वेळात कोथिंबीर-मेथी विकून आपलं काढायचं. हिशेब चुकला तर घरी रिकाम्या हाताने. असल्या बायांना व्याज शिकवायला कोण जाणार?

शेळ्यांचंही तसंच. ज्याच्याकडे पैसा तो शेळी घेऊन देतो, बाई अर्धलीनं सांभाळते. पहिल्या वेतात दोन करडं झाली तर एक मालकाचं, एक तिचं. बोकड झाला तर विकून वाटणी. बकरी ईदच्या आधी भाव चढतो हे गणित करून गाभण कधी घालायची ते ठरतं. शेती नवऱ्याची, मोठी जनावरं नवऱ्याची, पण शेरडं-कोंबड्या बाईच्या, असा आमच्याकडे न लिहिलेला नियम आहे. अंड्यांचा पैसा नवरा मागत नाही. निदान चारचौघांत तरी नाही.

नोटबदली
माझा आयडी आजच्यासाठीच घेतला होता बहुतेक. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री आमच्या घरात माझ्या सासूबाईंनी साडीच्या घडीतून, देव्हाऱ्याखालून आणि गव्हाच्या कोठीतून जे काढलं ते बघून सासरे खुर्चीत बसले. सगळे हजार-पाचशेचे. सासरे रागावले की खूश झाले ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या ठेवींची चौकशी करणार नाही असं सरकारने सांगितलं आणि सासूबाई पहिल्यांदा बँकेत गेल्या.

सगळे म्हणाले, बरं झालं, पैसा खात्यात आला. सासूबाई म्हणाल्या, आता काढायला तुमच्याकडून कार्ड मागायचं का? एटीएमचा पिन मुलाला माहीत, मेसेज सासऱ्यांच्या फोनवर. कागदावर पैसा आल्याने मालकी येते असं म्हणणाऱ्यांनी याचाही विचार करावा. कोठीतला पैसा जास्त तिचा होता.

लिंबूटिंबू
मग आता लाडक्या बहिणीचे 1500 कुणाचे म्हणायचे? ते तर थेट खात्यात येतात.

(या प्रतिसादावरचे 14 उपप्रतिसाद संपादकांनी उडवले आहेत. राजकारणासाठी वेगळा धागा काढावा.)

आरडीवाली
राजकारण बाजूला ठेवून एवढंच सांगते: त्या पैशातून माझ्याकडे नवीन आरडी उघडलेल्या बायका आहेत. कशाला, विचारलं तर एकीने सांगितलं शिलाई मशीन, दुसरीने नुसतंच हसून विषय बदलला. मी परत विचारलं नाही.

कांदे_लाल
नाशिक जिल्ह्यातला आहे, तर विष्णुदत्ताबाईंनंतरचं आमच्याकडचं सांगतो. 1986 च्या नोव्हेंबरमध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. गर्दी एवढी की चांदवडच्या लोकांनी तशी ना आधी बघितली ना नंतर. माझी आजी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली होती. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्ती निघाली. शरद जोशींचं म्हणणं साधं: शेतकऱ्याचं शोषण झालं म्हणून आपण भांडतो, मग घरातल्या लक्ष्मीचं काय? नवऱ्याने राजीखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. गावात शंभर जणांनी केलं की ते लक्ष्मीमुक्त गाव, आणि जोशी स्वतः यायचे.

आजोबांनी अर्धा एकर आजीच्या नावे केला. विहिरीपासून लांबचा, खडकाळ :) पण सातबाऱ्यावर नाव आलं. आजी तो उतारा ट्रंकेत ठेवायची. पुढे सोसायटीचं कर्ज काढायची वेळ आली तेव्हा आजोबांना तिची सही मागावी लागली, आणि तिने कर्ज कशासाठी ते आधी विचारलं. आजोबा चिडले होते म्हणे. पंपासाठी आहे असं कळल्यावर तिने सही केली.

बेरकी_बगळा
म्हणजे खडकाळ अर्धा एकरसुद्धा पुरला. नोटबदली यांच्या सासूबाईंना खातं असून नाही आणि कांदेंच्या आजीला खडक असून चालला. फरक मला एवढाच दिसतो की आजींकडे विचारायला आल्याशिवाय काम अडत होतं. एटीएमच्या बाबतीत अडत नाही, पिन सगळ्यांना ठाऊक.

नोटबदली
पिन बदलून दिलाय मी त्यांना, काल रात्रीच. मोबाईल नंबर बदलायला मात्र बँकेत त्यांनाच जावं लागेल.

मिरची_कांडप
शाब्बास. सासऱ्यांना सांगितलंत का?

नोटबदली
छे.

सिंधुदुर्ग_एक्सप्रेस
कांदे, त्या लक्ष्मीमुक्तीचा सरकारी मार्ग अजून चालतो का? आमच्या सातबाऱ्यावर फक्त वडिलांचं नाव आहे. आईचं घालायचंय. वडील तयार आहेत, आईच म्हणते कशाला उगाच.

कांदे_लाल
1992 साली महसूल खात्याने त्याच नावाचं परिपत्रक काढलं होतं. नवऱ्याने हयातीत अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचं. वडिलांच्या सहीचा अर्ज घेऊन तलाठ्याकडे जा आणि परिपत्रकाची प्रत सोबत न्या, नाहीतर असं काही नसतंच म्हणून परत पाठवतील. आणि वडिलोपार्जित असेल तर भाऊ-बहिणींशी आधी बोलून घ्या, नोटीस निघाल्यावर घरात नको ते सुरू होतं.

आई कशाला उगाच म्हणतेय तर तिला हा धागा वाचायला द्या.

सिंधुदुर्ग_एक्सप्रेस
दिला. खाणावळीच्या सुक्या बांगड्यांपाशीच अडकलीय, म्हणते ती बाई कोण ते आधी सांग.